वाडीवरचं इंटरनेट : व्हाल चेनोतल्या कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, नाहीतर कोणाशी काय बोलणं झालं आणि कोणता आकडा कुठून आला ते महिन्याभरात विसरायला होतं.

आम्ही राहतो ती वाडी इटलीत पार्मा जिल्ह्यात, चेनो नदीच्या खोऱ्यात, बार्दी गावाच्या वरच्या अंगाला. पार्मा शहर साधारण साठ किलोमीटर. एकूण १९ घरं, त्यातली हिवाळ्यात उघडी फक्त ११. नवऱ्याची नोकरी खाली खोऱ्यात मशीनच्या कारखान्यात आणि माझं नेटवर्किंगचं काम घरून. म्हणजे घरून व्हायला पाहिजे, पण होत नाही, कारण तांब्याच्या फोनलाईनवर जे एडीएसएल येतं ते आज सकाळी १.३ एमबीपीएस डाऊन आणि ०.२ अप होतं. एक्सचेंज खाली गावात, तिथून आमच्यापर्यंत जुनी तार वळणं घेत घेत येते, आणि एडीएसएलला अंतर वाढलं की स्पीड गळतोच, त्यात मोडेम बदलून काही होत नाही.

बिल मात्र पूर्ण. पार्मात फायबर पंचवीस-तीस युरोत मिळतं आणि इथे तेवढेच पैसे देऊन एक व्हिडिओ कॉल धड होत नाही, हे मला पहिल्यापासून खटकतंय.

शेजारच्या आजी (८१ वय, एकट्या राहतात) रविवारी दुपारी आपली जुनी फियाट पांडा काढून स्मशानाच्या भिंतीपाशी नेऊन लावतात. तिथे फोरजीचे दोन दांडे येतात. नातू वेल्समध्ये असतो, त्याच्याशी गाडीत बसून बोलतात. आज बाहेर उणे तीन होतं, काच पुसून मी आत बघितलं तर आजींच्या हातात मोजे आणि मोजे घालून स्क्रीन चालत नाही म्हणून उजव्या हाताचं एकच बोट उघडं. घरी आले आणि वही काढली.

२० जानेवारी

आपल्या पत्त्यावर सरकारी नकाशात काय दाखवतायत ते बघितलं. इटलीत जिथे कुठल्याच कंपनीला स्वतःच्या पैशांनी फास्ट नेट टाकायला परवडत नाही त्या भागाला ‘पांढरा भाग’ म्हणतात, आणि अशा भागांसाठी अल्ट्राब्रॉडबँडचा राष्ट्रीय प्लॅन २०१५ मध्ये मंजूर झालेला आहे. नंतर युरोपच्या कोविडनंतरच्या रिकव्हरीच्या पैशातून ‘इतालिया आ उन जिगा’ म्हणून दुसरा प्लॅन आला, त्याची मुदत जून २०२६. खाली गावात फायबरचे चेंबर बसलेत, मी स्वतः झाकणं बघितलीत. पण वर विखुरलेली घरं असतील तिथे खणायचं नाही, वायरलेस द्यायचं असं धोरण आहे, आणि आमच्या वाडीसमोर ‘वायरलेस, नियोजित’ एवढंच लिहिलंय. नियोजित म्हणजे कधी ते कोणी सांगत नाही.

मला धोरण चुकीचं वाटत नाही. अकरा घरांसाठी डोंगर खणायला कोण येणार. फक्त मधली वर्षं माणसांनी कशी काढायची याचं उत्तर कुठल्याच कागदावर नाही.

आणखी एक. मागच्या वर्षी एका कंपनीच्या माणसाने वाडीत येऊन तीन घरांना ‘फायबर’ म्हणून कनेक्शन विकलं आणि शेवटी आलं तेच तांबं. इथल्या टेलिकॉम नियामकाने, म्हणजे आजकॉमने, २०१८ मध्येच रंगीत खुणा ठरवून दिल्यात : हिरवा एफ म्हणजे घरापर्यंत फायबर, पिवळा एफआर म्हणजे अर्धं फायबर, लाल आर म्हणजे फायबर नाही. त्या तिघांच्या कागदावर लाल आर छापलेला होता, बारीक अक्षरात. त्यातल्या दोघांच्या कॉम्प्युटरवर आजकॉमचं नेमेसिस हे मोजणीचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. ते चोवीस तासांत वेगवेगळ्या वेळी स्पीड मोजतं आणि त्याचं सर्टिफिकेट तक्रारीला चालतं. तिसऱ्याचा कॉम्प्युटर इतका जुना की इन्स्टॉलच होईना.

३ फेब्रुवारी

बारमध्ये मीटिंग. तेवीस माणसं आली. इतकी मला अपेक्षित नव्हती, हिवाळ्यात वाडीत एवढी राहतही नाहीत, काही खालून चालत आलेली.

पर्याय मांडले. सॅटेलाईट इथे २०२१ पासून मिळतं, चालतं पण चांगलं, पण प्रत्येक घराने वेगळी डिश आणि वेगळं महिन्याचं बिल भरायचं, पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला ते जड. फोरजी राऊटरला स्मशानाच्या भिंतीशिवाय सिग्नल नाही. तिसरा पर्याय खोऱ्यातला एक छोटा वायरलेस प्रोव्हायडर. त्याचा टॉवर समोरच्या डोंगरधारेवर आहे, पण मधे उंचवटा असल्याने वाडीतल्या एकाही छपरावरून तो दिसत नाही. मी त्याच्याशी आधीच फोनवर बोलले होते. तो म्हणाला, चार घरांसाठी मी सिग्नल पुढे पाठवणारा रिले उभा करणार नाही, पण तुम्ही जागा शोधा, लाईट द्या, सामान तुमचं, तर मी १०० एमबीपीएस महिना ११० युरोला देतो.

मग फळ्यावर हिशोब. ११० भागिले समजा ९ घरं, बारा युरो आणि वर चिल्लर. तेरा धरू, उरलेले सात दुरुस्तीला. सामानासाठी घरटी एकदाच १२० युरो.

एक आजोबा म्हणाले, मला इंटरनेट लागत नाही, मी मेल्यावर लावा. त्यावर पोस्टातून रिटायर झालेल्या बाईंनी त्यांना विचारलं की तुझी पेन्शनची स्लिप तू कशी बघतोस? इथल्या पेन्शन खात्याचा, आयएनपीएसचा, जुना पिन ऑक्टोबर २०२१ पासून बंद झालाय, आता डिजिटल ओळख लागते, म्हणून हे आजोबा दर वेळी मुलाला पार्माहून बोलवतात. ते गप्प झाले आणि जाताना सही करून गेले. नऊ सह्या.

१० फेब्रुवारी

सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चचा घंटेचा मनोरा. पाद्री लगेच हो म्हणाले, चावी पण देत होते. पण सत्तर वर्षांपेक्षा जुनी चर्चची इमारत म्हणजे वारसा कायद्याखाली आली, खिळा मारायचा तरी पुरातत्त्वाच्या ऑफिसची परवानगी, आणि त्याला महिने लागतात. मनोरा सतराव्या शतकातला. मला स्वतःलाही तिथे प्लॅस्टिकची डिश नको वाटली. सोडलं.

१७ फेब्रुवारी

पाण्याची टाकी! वाडीच्या वर, अर्ध्या तासाच्या चढावर, कोमूनेची म्हणजे ग्रामपंचायतीची सिमेंटची टाकी आहे, आणि क्लोरीन सोडायच्या पंपासाठी तिथे लाईटचं कनेक्शन पण आहे. टाकीवरून खाली वाडीतली सगळी छपरं दिसतात आणि समोर बार्दीचा किल्ला लाल दगडाच्या कड्यावर उभा. टॉवर दुर्बिणीतून शोधला. प्रोव्हायडरचा पोरगा तिकडे गेला होता, त्याने आरसा धरला आणि सव्वाअकराला धारेवर लख्ख ठिणगी चमकली. मी ओरडलेच.

अंतर ६.२ किलोमीटर. नुसतं दिसलं म्हणून भागत नाही, दोन डिशच्या मधली हवा सिगारसारख्या आकारात मोकळी लागते. साडेपाच गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरावर मध्यभागी त्या सिगारची त्रिज्या नऊ मीटरच्या आसपास येते आणि त्यातला निदान साठ टक्के भाग रिकामा पाहिजे. खोरं खोल असल्याने मध्यभागाची काळजी नाही. टाकीच्या पुढे चेस्टनटची राई आहे, पण झाडं उघडी आहेत आणि फांद्यांमधून टॉवर स्वच्छ दिसतो.

(नंतरची भर : हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.)

सिंदाकोंना म्हणजे इथल्या सरपंचांना भेटले. टाकीसाठी अर्ज द्या म्हणाले, पाण्याच्या झाकणाला हात लावायचा नाही ही अट. बरोबर आहे.

२ मार्च

कागदपत्रं. हे आधीच करायला हवं होतं. आपल्या घरचं कनेक्शन रस्त्यापलीकडच्या चार घरांना वाटणं कायद्यात बसत नाही, दुसऱ्याला सेवा देणाऱ्याकडे मंत्रालयाची सर्वसाधारण परवानगी लागते. म्हणून आम्ही ना-नफा संस्था केली, सामान संस्थेचं, आणि ऑपरेटर म्हणून कागदावर प्रोव्हायडर, त्याच्याकडे परवानगी आहे.

वाडीतल्या लोकांना हे काहीतरी विचित्र वाटू नये म्हणून उदाहरणं सांगितली. रोममध्ये निनक्स नावाचं कम्युनिटी नेटवर्क वीस वर्षांहून जुनं आहे, लोक एकमेकांच्या गच्च्यांवर अँटेना लावून जाळं करतात. तुरीनजवळच्या वेर्रुआ सावोया गावात तर तुरीनच्या पॉलिटेक्निकमधल्या प्रोफेसरांच्या पुढाकाराने गावकऱ्यांची ना-नफा संस्थाच इंटरनेट देते. हे ऐकल्यावर बारवाल्याने विचारलं, ते जमवतात मग आपण का नाही? हाच प्रश्न मला हवा होता.

१६ मार्च

बसवलं! पहाटे सहाला निघालो, पाच जण, खांब दोघांच्या खांद्यावर, डिशा पाठीवरच्या टोपल्यांत.

आमच्या या साडेपाच गिगाहर्ट्झच्या बँडला इटलीत एकूण एक वॅटची मर्यादा आहे, डिश सिग्नल एका दिशेला एकवटून जो वाढवते तो धरून. म्हणजे ३० डीबीआयची (डीबीआय हे त्या वाढीचं माप) मोठी डिश लावली की रेडिओची पॉवर शून्य डीबीएमवर (डीबीएम हे पॉवरचं माप) आणावी लागते. मग मोठ्या डिशने काय मिळालं असं पोस्टवाल्या बाईंनी विचारलं, एकदम योग्य प्रश्न. ओरडायची ताकद वाढत नाही, कान मात्र मोठा होतो, शिवाय बाजूचा गोंगाट कमी ऐकू येतो.

डिश जुळवणं म्हणजे केसाएवढं हलवायचं आणि थांबायचं. सिग्नलचा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. मायनस ८१, ७७, परत ८०, बोल्ट ढिला, ७०, ६६, आणि मग ६४ वर बसला. कागदावरच्या हिशोबात ६३ येत होतं. बोल्ट आवळताना परत ६७ झालं तेव्हा हात इतके गारठले होते की पाना धरवत नव्हता, शेजारच्या शेतकऱ्याने माझ्या हातातून घेतला आणि मी नुसते आकडे वाचत राहिले, तो पाव-पाव फेरा आवळत गेला.

खर्च : दोन डिश रेडिओ २६०, स्विच आणि पेटी ९०, खांब-क्लॅम्प ११०, केबल, अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर १२०, छोटा यूपीएस ८०. नऊ घरांचे रेडिओ प्रत्येकी ६५ म्हणजे ५८५. एकूण १२४५ युरो. जमले १०८०. उरलेले १६५ गावाच्या उत्सव मंडळाने, इथे प्रो लोको म्हणतात, दिले.

६ एप्रिल

नऊच्या नऊ घरं चालू. ४० ते ९० एमबीपीएस, वेळेप्रमाणे.

आजींच्या घरी सगळ्यात शेवटी गेले कारण तिथे वेळ लागणार हे माहीत होतं. राऊटर येशूच्या तसबिरीखाली ठेवायचा म्हणाल्या, ठेवला. नातवाला लावला, तो स्वयंपाकघरात होता, त्याने मागे गॅसवर काय शिजतंय ते दाखवलं तर आजी म्हणाल्या आच बारीक कर. आच बारीक केली त्याने, कार्डिफमध्ये. मला माझी आई आठवली, सांगलीत बसून ती पण मला फोडणी जळायच्या आधी हेच सांगते. गंमत म्हणजे आईला अजून पटत नाही की युरोपात राहून मला नेट नव्हतं, तिकडे तिच्या फोनमध्ये रोजचा डेटा संपता संपत नाही.

२१ एप्रिल

गेल्या आठवड्यात लिंक तीनदा पडली आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटांनीच परत आली. बरोबर दहा मिनिटं, त्यावरूनच कळलं. ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये हवामान खात्याची रडार चालतात, तिथल्या चॅनेलवर बसायच्या आधी रेडिओने दहा मिनिटं नुसतं ऐकायचं असा नियम आहे, बाकी चॅनेलला एकच मिनिट. आमचं सेटिंग ऑटो होतं, रेडिओ स्वतःच तिथे जाऊन बसत होता. ऑटो काढलं, त्या पट्ट्याबाहेरचा चॅनेल पक्का केला. रडार ओळखायचं फीचर बंद करायचा सल्ला एकाने दिला होता, तो मी घेतला नाही आणि कोणी घेऊ पण नये, त्या रडारवर खालच्या माणसांना पुराचे इशारे जातात.

११ मे

मायनस ७९.

आठ दिवस बघतेय रोज एक-दोनने उतरतंय. आधी वाटलं कनेक्टरमध्ये पाणी गेलं, उघडला, कोरडा. मग वाटलं डिश हलली. आज सकाळी वर गेले आणि टाकीवर उभं राहून समोर बघितलं तर समोर काही नाहीच, नुसतं हिरवं. चेस्टनटला पालवी फुटलीय. फेब्रुवारीत ज्या फांद्यांमधून मी टॉवर बघून खूश झाले होते त्या सगळ्या पानांनी भरल्यात, आणि ओलं पान म्हणजे पाच गिगाहर्ट्झच्या लहरीला भिंतच.

मला हे माहीत असायला हवं होतं. झाडाचं पान सिग्नल खातं हे पहिल्या वर्षाला शिकवतात. नऊ घरांनी माझ्या शब्दावर पैसे भरलेत.

संध्याकाळी बारमध्ये जाऊन सरळ सांगितलं की चूक माझी आहे आणि काय झालंय. कोणी आवाज चढवला नाही. झाडं तोडू का असं एकाने विचारलं, त्यावर राईच्या मालकीणबाई म्हणाल्या की ती झाडं माझ्या पणज्याने लावलीत, युद्धाच्या हिवाळ्यात त्यांच्या पिठावर घर जगलं. मी म्हटलं एक फांदी पण तोडायची नाही.

१९ मे

खूप विचार केला. कॉलेजला असताना आम्हाला पालघरला नेलं होतं, आयआयटी मुंबईचा ग्राममार्ग प्रोजेक्ट बघायला, तिथे टीव्हीच्या रिकाम्या यूएचएफ चॅनेलवरून पाड्यांपर्यंत नेट नेत होते, आणि ती लांब लहर झाडीतून बरीच पार होते. इथे तसं करायची सोय नाही. उरलेले यूएचएफ चॅनेल टीव्हीने भरलेत आणि ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१८ च्या लिलावात मोबाईल कंपन्यांना गेलाय. म्हणजे झाडातून जाता येत नाही, झाडाला वळसाच घालायला हवा.

वळसा सापडला. टाकीपासून दोनशे मीटर आडवं गेलं की त्याच शेतकऱ्याचं गवताचं कोठार आहे, त्याच्या कौलाच्या टोकावरून टॉवर मोकळा दिसतो, खाली उतार आणि कुरण, एक झाड नाही. पण तिथून वाडीतली घरं दिसत नाहीत. तर मोठी डिश कोठारावर न्यायची, आणि कोठार ते टाकी ६० गिगाहर्ट्झच्या रेडिओंची छोटी जोडी. दोनशे मीटरला पावसातही ती तगते.

जोडी ३०० युरो. दरम्यान चार नवीन घरं आली, त्यांचे ४८०, त्यांच्या रेडिओंचे २६० गेले, हातात २२०. ऐंशी कमी, ते मी आत्ता घातले. कोठारातला सगळा संच मिळून आठ वॅट खातो, वर्षाला सत्तर युनिट, त्याचे पैसे शेतकऱ्याला देऊ केले तर नाही म्हणाला. मग ठरावात लिहून त्याची महिन्याची वर्गणी माफ केली, कारण उद्या कोठार त्याच्या मुलाकडे गेलं तर तोंडी उपकारावर तेरा घरांचं नेट टांगलेलं नको.

२ जून

मायनस ६२. आता पानांशी संबंध नाही. मालकीणबाई वर बघायला आल्या होत्या, येताना चेस्टनटच्या पिठाचा केक आणला.

१५ ऑगस्ट

इथला सगळ्यात मोठा उन्हाळी सण, आणि वाडीत साठाच्या वर माणसं. शंभर-दीडशे वर्षांपासून या खोऱ्यातून लोक वेल्सला गेले, तिकडे कॅफे काढले, आणि ऑगस्टमध्ये त्यांची नातवंडं-पतवंडं वेल्सच्या हेलातलं इंग्रजी बोलत परत येतात. बंद घरं उघडली, प्रत्येक पोराच्या हातात फोन, १०० एमबीपीएस संध्याकाळी भरून गेलं आणि आजींचा कॉल अडकायला लागला.

राऊटरवर केक नावाची रांग लावायची पद्धत चालू केली. ती आधी घराघरांत समान वाटते आणि मग त्या घरात चालू असलेल्या कॉल-व्हिडिओंत. एका घरात वीस फोन असले तरी त्यांना एका घराचाच वाटा. पंधरा मिनिटांचं काम, आणि रात्री नऊला आजींचा कॉल परत नीट. नातू यावेळी इथेच होता म्हणा, त्या त्याच्या आईशी बोलत होत्या.

८ सप्टेंबर

रात्री वीज पडली. कोठारावरचा सर्ज प्रोटेक्टर आणि पॉवर अडाप्टर जळाले, रेडिओ वाचला. अर्थिंगला त्या दिवशी दोन तास जास्त घालवले होते ते सार्थकी लागलं. सुटे भाग पंचेचाळीस युरो, दुपारी दोनपर्यंत चालू. बदलायचं काम शेतकऱ्याने एकट्याने केलं, मी फोनवर नुसते वायरींचे रंग सांगत होते. आता दोघांना येतं. अजून निदान एकाला शिकवायचंय, आम्ही डिसेंबरात सांगलीला जाणार आहोत.

६ ऑक्टोबर

हिशोब बारमध्ये भिंतीवर लावला. तेरा घरं, त्यातलं एक माफ, महिन्याला १५६ जमा, ११० प्रोव्हायडरला. माझे ऐंशी परत मिळाले. नोव्हेंबरपासून वर्गणी दहावर आणायचा ठराव झाला, १२० जमा होतील, दहा दुरुस्तीला. मी अकरा म्हणत होते, मतदानात हरले.

पेन्शनवाले आजोबा स्वतः स्लिप काढून छापून घेऊन आले होते, घडी घालून खिशात. दाखवली आणि परत ठेवली.

मीटिंग संपल्यावर पलीकडच्या वाडीतून एक बाई थांबल्या होत्या. त्यांच्याकडे सात घरं, तीच तांब्याची तार. म्हणाल्या, आमच्या छपरावरून तुमचं कोठार दिसतं का ते कसं बघायचं? विचारलं झाडं कोणती आहेत मधे, आणि पानं गळायच्या आत बघायला हवं, आठवड्याभरात. उद्या सकाळी नऊला ऊन असेल तर त्या छपरावर आरसा धरतील, मी कोठारावर असेन.